इन्सब्रुकच्या बाकाची पाचर

भूत, भानामती, बाहेरचं — मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. चौथी शिकलेला सुतार आहे मी, तीस वर्षं दोहात शटरिंगचं काम केलं. जे मापात बसत नाही ते खोटं, एवढंच मला कळतं. म्हणून हे एक सांगायला जड जातंय...

फुटबॉलच्या वर्ल्ड कपच्या आधीची गोष्ट. सगळी दोहा खणून ठेवलेली. मुलगा अल थुमामाच्या स्टेडियमवर इंजिनिअर, आम्ही राहायला ओल्ड एअरपोर्ट भागात. मी रिटायर होऊन मुलाच्या व्हिसावर. घरात सून, आणि सात वर्षांची नात सई.

माझे व्याही, नाना, नाशिकचे. त्यांची थोरली मुलगी इन्सब्रुकला असते. आल्प्सच्या डोंगरातलं जुनं शहर. त्या वर्षी नाना तिकडे वसंतात गेले, उन्हाळ्यात गेले, पानगळीत गेले. दर वेळी परत जाताना चार दिवस आमच्याकडे, आणि टीव्हीवर फोटो. नदीकाठची रंगीत घरं, मागे डोंगर... सई त्यांच्या मांडीवर. मी काही बोललो तर नेहमीसारखं इंग्रजीत म्हणायची, "आबा, you haven't even been there."

खोटं कशाला बोलू, मी जळायचो. ही पोर माझ्या खांद्यावर वाढलेली.

त्या फोटोंत नदीकाठचं एक लाकडी बाक दर वेळी असायचं. डाव्या हत्त्याचा, हात टेकतो त्या दांडीचा, सांधा सुटलेला. वसंतात थोडा, पानगळीत चांगला बोटभर. मी म्हटलं, एक पाचर मारली की काम खलास. नाना हसले. "अहो आबा, तिकडे मशीननं करतात सगळं. तुमची पाचर कोण विचारतंय?"

सई पण हसली. ते लागलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, इथली सुट्टी. फोटोत नानांचा पंजा त्या हत्त्यावर होता. नाश्त्याला त्यांचा खरा पंजा नजरेनं मोजला, त्यावरून फटीचं माप काढलं. गॅलरीत बसून जुन्या पलंगाच्या सागवानाची पाचर केली. वर पटाशीनं माझी खूण — दोन खाचा, एक टिंब. उस्तादानं लावलेली सवय. उद्या काम निसटलं तर कुणाच्या हातचं ते कळावं म्हणून.

सईला दाखवली, टीव्हीखाली ठेवली, आणि सगळे जेवायला बसलो. पाचही जण एका टेबलाशी. कोणी उठलं नाही — वाढायची भांडीसुद्धा समोरच होती. जेवण झालं, बघतो तर पाचर नाही. मी नानांवर घसरलो. बिचाऱ्यांनी खिसे उलटे करून दाखवले. सूनबाईनं सोफा हलवला. नाही ती नाहीच.

साडेतीनला इन्सब्रुकहून नानांच्या मुलीचा व्हिडिओ कॉल. पहिला बर्फ पडला म्हणून नदीवर फिरायला आली होती. सईनं मावशीला बाक दाखवायला सांगितलं. तिनं फोन फिरवला. सगळं बाक पांढरं, डाव्या हत्त्याचा सांधा तेवढा कोरडा. हत्ता सरळ. फटीत तांबूस लाकूड...

मी म्हटलं, जवळ ने. नेला.

दोन खाचा, एक टिंब.

मग सई नानांच्या मांडीवरून उतरून माझ्याजवळ आली आणि चक्क मराठीत म्हणाली, "आबा, तुम्ही गेला होतात?"

जेवणात वरण-भात होता, दोनदा घेतला होता. कुठे जाणार मी?

मुलगा म्हणतो योगायोग. पण माझी खूण मी ओळखत नाही होय?

जानेवारीत नाना पुन्हा जाऊन आले. चौथी खेप. बाकावर बसले, हत्ता हलवून बघितला, हलला नाही म्हणे. तिथून फोन केला, "आबा, काढून आणू का तुमची?" मी म्हटलं, राहू द्या, बाक डुगडुगेल.

सई आता सगळ्यांना सांगते, माझ्या आबांनी इन्सब्रुकचं बाक दुरुस्त केलं. मी मान हलवतो. पण खरं सांगू? आता मी नानांवर जळत नाही. त्या पाचरीवर जळतो. माझ्या हातचं बोटभर लाकूड तिथं बर्फात बसलंय, आणि मी इथं गॅलरीत. ती कशी गेली ते मला अजून कळलेलं नाही. तिला वाट सापडली, मला का नाही, हेही नाही.