ला म्हणजे नाही

नगरपालिकेच्या बागेत चिंचेच्या झाडांना पांढऱ्या ओढण्या टांगल्या होत्या. प्रत्येकीवर काळ्या शाईने एकच अरबी शब्द लिहिला होता, दोन रेषा वरून येऊन खाली एकमेकींत अडकलेल्या. ती लिपी दिसली आणि मी नकळत चपला काढून हात जोडले. शेजारच्या आजींनी तर दर्ग्यात लावतात तसं ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं.

"आजी, ते कुराणातलं वचन नाही," त्या ओढण्या रंगवून प्रदर्शनात मांडणारी बाई मागून म्हणाली. चाळिशीची असेल. "नुसता 'ला' आहे. 'ला' म्हणजे नाही."

"एवढंच?" आजींनी विचारलं.

"एवढंच. चौदाव्या वर्षी मी घरातल्याच एका माणसाला 'नाही' म्हणत होते. दाराबाहेर सगळे जेवत होते."

आजींचा हात ओढणीवरच राहिला. "मग अरबीत का गं लिहिलंस?"

"आमच्याकडे अरबी अक्षरांचा कपटासुद्धा कुणी पायदळी येऊ देत नाही. म्हणून."

मराठीतला 'ला' नेहमी कुणाला तरी चिकटून येतो. आईला, काकाला, देवाला. तिचा मात्र एकटाच वाऱ्यावर हलत होता, कुणालाच न पोचलेला.

तेवढ्यात एक कुटुंब आलं, त्यांनी चपला काढल्या, नमस्कार केला आणि ते पुढे गेले.

"दिवसभर हेच," ती म्हणाली. "पाया सगळे पडतात. ऐकत कुणीच नाही."

माझे हात अजून जोडलेलेच होते.