मालिकेतला आंबा

आमच्या रिहे गावातला हा रिक्षावाला गिऱ्हाईक बसायच्या आधी स्वतः मागच्या सीटवर बसून बघतो. "मला टोचलं तर पावण्यांनाबी टोचनार की."

टीव्हीवरच्या एका मालिकेतली नायिका ज्या आंब्याखाली वाट बघायची, तो आंबा बघायला पुण्याहून माणसं येतात. हा त्यांना ओढ्यापलीकडचा दुसराच आंबा दाखवतो. एक बाई म्हणाल्या, "पण फांदी तर डावीकडे होती."

"टीव्हीत तुमी पलीकडनं बगितलं, ताई."

खरा आंबा माझ्या बांधावर होता, आजोबांनी लावलेला. बघ्यांनी भाताची रोपं तुडवली, त्या रागात मी तो तोडला आणि घरात सांगितलं, वाऱ्यानं पडला. तोडताना फक्त यानं पाहिलं होतं. मी हे आजवर कुणाला बोललो नाही.

"लोकांना खोटं कशाला सांगतोस?" मी एकदा विचारलं.

"खरं सांगितलं तर ती तुमालाच बगाया येतील, अण्णा."

तोडलेला बुंधा दिसू नये म्हणून तो पाहुण्यांना लांबच्या रस्त्यानं नेतो. काल बाजारातून येताना रिक्षात मी एकटाच होतो. माझ्या शेताचं वळण आलं, तेव्हा त्यानं रिक्षा लांबच्याच रस्त्याला घातली.