बारा तारखेची फेरी

काचेच्या बाटल्यांच्या त्या कारखान्यात कामगार युनियनची एक पांढरी व्हॅन होती आणि तिला एकच ड्रायव्हर होता. माणूस नाकासमोर चालणारा. भट्टीवर कुणाला भाजलं, कुणाच्या हातात काच घुसली, कुणाची बायको अडली, की तो गाडी काढायचा. परत आल्यावर चहाला हात लावण्याआधी लॉगबुक उघडायचा. तारीख, वेळ, कोण बसलं, कुठे गेलो, किती किलोमीटर. एकोणीस वर्षांत एकही ओळ चुकली नव्हती. कामगार त्याला चेष्टेनं ‘मुनीमजी’ म्हणत.

युनियनचा सेक्रेटरी म्हणजे त्याचाच मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, म्हणून पोरगा बहिणीच्या घरी वाढला, आणि कारखान्यात त्याला चिकटवला तोही दाजींनीच. बोलायला लागला की मुंगीनंही थांबून ऐकावं असा.

त्या वर्षी नगरपालिकेच्या निवडणुकीला भट्टीवरचाच एक निवृत्त कामगार उभा राहिला. समोर कंपनीच्या मर्जीतला माणूस, त्याच्या दिमतीला कंपनीची बस. सेक्रेटरीच्या अंगात वारं संचारलं. तीन आठवडे व्हॅन प्रचारात फिरली. कधी कर्णे, कधी खुर्च्या, कधी खुद्द उमेदवार.

“हे चालतं ना रे?” ड्रायव्हरनं एकदा विचारलं होतं.

“न चालायला काय झालं, दाजी? आपलाच माणूस आहे.”

चालत नव्हतं. कायदा साधा होता. कामगारांच्या वर्गणीतून युनियननं कुठल्याही उमेदवारासाठी काही करायचं नाही. करायचं असेल तर सभासदांनी राजीखुशीनं दिलेल्या वेगळ्या निधीतून, आणि तेही जाहीर करून. कंपनीच्या तिजोरीलाही तोच नियम. गाडी, डिझेल, ड्रायव्हरचा वेळ, हे सगळं देणगीतच धरलं जायचं. उमेदवार हरला तो हरलाच, वर महिनाभरात दोन्हीकडच्या तक्रारी पोचल्या आणि चौकशीची नोटीस आली. युनियनच्या व्हॅनचं आणि कंपनीच्या बसचं लॉगबुक सोमवारी हजर करा.

रविवारी दुपारी मेहुणा घरी आला. जेवायला थांबला नाही. पिशवीतून एक कोरं लॉगबुक काढून त्यानं टेबलावर ठेवलं. त्याची पानं त्यानं आधीच चुरगाळून मळकी केली होती.

“दाजी, फक्त अक्षर तुमचं हवं. मी सांगतो, तुम्ही लिहा. सगळ्या फेऱ्या दवाखान्याच्या.”

“आणि जुनं?”

“जुनं मी बघतो.”

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ड्रायव्हरनं कोरं पान समोर ओढलं. नाही म्हणावं तर घर फुटतं, हो म्हणावं तर आपण आपले राहत नाही. त्यानं पेन उघडलं. बोटांना घाम होता, पहिल्या ओळीवरच शाई फिसकटली. दहा तारीख लिहिली. अकरा लिहिली.

“बारा तारीख,” मेहुणा म्हणाला. “सकाळी साडेदहा. भट्टी क्रमांक दोन, लंगडा कटर. हात भाजला. दवाखाना. नाव खरं आहे, भाजलंही खरंच आहे, कुणाला शंका येणार नाही.”

पेन थांबलं.

लंगडा कटर, म्हणजे भट्टीवरचा काच कापणारा अधू पायाचा कामगार, बाराला भाजला होता, खरंच. पण साडेदहाला व्हॅन बाजारचौकात उभी होती, टपावर कर्णे लावून. युनियनच्या ऑफिसातून तीन फोन आले आणि कर्ण्यांच्या आवाजात एकही ऐकू गेला नाही. शेवटी लंगड्याला बाटल्यांच्या हातगाडीवर बसवून दोघांनी फाटकापर्यंत ढकलत नेलं. तासाभरानं रिक्षा मिळाली. त्याची दोन बोटं अजून वळत नव्हती.

“हे मी लिहिणार नाही,” ड्रायव्हर म्हणाला.

“दाजी!”

“त्याला मी नेलंच नाही रे. न्यायला हवं होतं, आणि नेलं नाही. आता कागदावर नेऊ?”

मेहुण्याचा चेहरा पांढरा पडला. “कंपनीच्या खिशात जाऊन बसा मग! घरचाच भेदी निघालात.” तो उठला. कोरं लॉगबुक तिथंच राहिलं. दार इतक्या जोरात आपटलं की मांडणीवरची भांडी वाजली.

“तुरुंगात टाकतील का हो त्याला?” बायकोनं विचारलं.

“माहीत नाही.”

त्या दिवशी दोघंही जेवले नाहीत.

सोमवारी चौकशी कार्यालयाच्या बाकावर त्याच्या शेजारी कंपनीच्या बसचा ड्रायव्हर बसला होता. हात रिकामे.

“तुमचं लॉगबुक?”

“भिजलं.”

“कसं?”

“ते मलाही साहेबांनीच सांगितलं. आता ते म्हणाले भिजलं, म्हणजे भिजलं.” तो हसला आणि पुन्हा दाराकडे बघू लागला.

आत चौकशी अधिकारी बाई होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज शांत. पानं त्यांनी एकेक करून उलटली.

“उमेदवाराच्या चौदा फेऱ्या दिसतात.”

“सोळा. पुढचं पान उलटा.”

बाईंनी मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. “इतकं सरळ लॉगबुक या खोलीत पहिल्यांदाच आलंय. ते बदलायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?”

पंखा घरघरत होता. हो म्हटलं तर नाव सांगावं लागणार. नाही म्हटलं तर खोटं बोलणं, तेही शपथेवर.

“सांगितलं होतं,” तो म्हणाला. “नाव मी सांगणार नाही. तो स्वतः येऊन सांगेल.”

“नाही आला तर?”

“तर मी येईन.”

“उद्या संध्याकाळी पाच,” बाई म्हणाल्या. “त्यानंतर मला तुम्हा दोघांवरही कारवाई करावी लागेल.”

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पायात चपला सरकवल्या.

“त्याचं नाक पुसलंय मी,” ती म्हणाली. “बघते कसा येत नाही.”

दुसऱ्या दिवशी चार वाजल्यापासून ड्रायव्हर त्या बाकावर बसून होता. साडेचार झाले. शिपायानं खिडक्या लावायला घेतल्या. पावणेपाच. आपण हमी कुणाच्या जिवावर दिली, हेच त्याला कळेना. पाचला सात मिनिटं असताना जिन्यावर पावलं वाजली. पुढे बायको, मागे मेहुणा. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. दाजींकडे न बघता तो आत गेला आणि तासाभरानं बाहेर आला.

युनियनला दंड झाला. मेहुण्याला पाच वर्षं कुठलंही पद घ्यायची बंदी. स्वतःहून आला म्हणून खटला टळला, जिवावरचं बोटावर निभावलं. कंपनीचं प्रकरण मात्र अजून चालू आहे. त्यांचे वकील तारखांवर तारखा घेतात.

कामगारांनी राग काढला तो ड्रायव्हरवर. कुणी व्हॅनच्या चाकांतली हवा सोडली, कुणी कँटीनमध्ये तो बसला की उठून जाई. सर्वसाधारण सभेत एकानं तर त्याला काढायचाच ठराव मांडला. तेव्हा लंगडा कटर उभा राहिला. तो कधी बोलत नसे. न वळणारी दोन बोटं त्यानं सगळ्यांना दाखवली.

“उमेदवार आपलाच होता, मीही मत त्यालाच दिलं,” तो म्हणाला. “पण गाडी माझ्या वर्गणीची होती. मला एकदा विचारलं असतं तर वेगळे पैसे मी हसत दिले असते. विचारलं कुणी?”

ठराव पडला. वेगळा निधी काढायचा ठराव मात्र त्याच दिवशी झाला, सहा मतांच्या फरकानं.

मेहुणा पुन्हा बाटल्या निवडायच्या पट्ट्यावर उभा राहू लागला. आठ महिने तो दाजींशी बोलला नाही. बहीण दर रविवारी निरोप धाडायची, तो यायचा नाही. मग एका रविवारी आला. कुणी काही काढलं नाही. जेवताना त्यानं पट्ट्यावरच्या नव्या फोरमनच्या दोन नकला केल्या. बहिणीला हसता हसता ठसका लागला. ड्रायव्हर खाली मान घालून जेवत होता. थोड्या वेळानं त्यानं पाण्याचा तांब्या उचलला आणि मेहुण्याचा पेला भरला.

“हळू, दाजी, सांडेल,” मेहुणा म्हणाला.

आठ महिन्यांतलं हे त्याचं दाजींशी पहिलं वाक्य.