वहिनीच्या पिशवीची निरगाठ

वहिनी जिन्याच्या पायरीवर बसून हत्यारांच्या पिशवीची गाठ सोडत होती, आणि अर्धी बिल्डिंग तिच्या डोक्यावर उभी राहून ओरडत होती.

"अहो बाई, माणसं अडकलीत आत! गाठी कसल्या सोडत बसलाय?"

"कात्री आणू का घरातून?"

"नको," मान वर न करता वहिनी म्हणाली. "दोरी कापायची नाही."

लिफ्ट जुनी, जाळीच्या दरवाजाची. आम्ही होतो त्या मजल्यापेक्षा हातभर वर येऊन लटकलेली. आत एक म्हातारबाबा आणि एक बाई. बाई देवाचं नाव घेत होती, मधेच लिफ्ट कंपनीच्या खानदानाचं घेत होती.

मी दीर. आणि लिफ्ट दुरुस्तीच्या कामात तिचा जोडीदार. नववीत मी शाळेला रामराम ठोकला तेव्हा घरात सगळ्यांनी कपाळावर हात मारला. वहिनीने मात्र माझ्या हातात पाना दिला. म्हणाली, "भाऊजी, रडायचं तर रडा, पण हा नट घट्ट करता करता रडा." त्या दिवसापासून वहिनीबद्दल कोणी वाकडं बोललं की त्याचा निकाल मी लावतो. त्या जिन्यातही लावला असता, पण तिने डोळे वटारले.

तिला असं संथ बसलेलं बघून कुणाला खरं वाटणार नाही, पण कंपनीत तिचं नाव भिंगरी. आधी उडी, मग पाणी किती खोल ते बघू, असा सगळा कारभार. एका बिल्डिंगमध्ये लिफ्टच्या खड्ड्यात पाणी शिरलं होतं. पंप कोणी आणायचा यावर ऑफिसातल्या लोकांची फोनाफोनी चालू होती. ती संपेस्तोवर वहिनीने साडी कमरेला खोचून बादल्यांनी खड्डा कोरडा केला होता. दादा, म्हणजे माझा भाऊ, नेहमी म्हणतो, "हिच्याशी लग्न केलं आणि घरातला पंखा विकून टाकला."

पण लिफ्टच्या कामात घाई म्हणजे विंचवाशी खेळ. अडकलेली लिफ्ट हाताने सरकवायची तर एक जण दरवाजापाशी उभा राहतो, दुसरा वर मशीनपाशी. दरवाजावाला सगळं बघून ओरडतो, "सोड!" वरचा ते ऐकून उलट ओरडतो, "सोडतोय!" आणि मगच ब्रेक सोडायचा दांडा दाबतो, की लिफ्ट सरकते. एवढं साधं. गेल्या वर्षी वर वहिनी होती, खाली मी. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. तिला वाटलं, आता ओरडेलच, आणि तिने दाबला दांडा. आतल्या माणसाने तेवढ्यात पाय बाहेर काढलेला. नशीब म्हणून नुसता बुटाचा तळवा सोलून निघाला.

साहेबांनी आरडाओरडा केला नाही, तेच वाईट. शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्यासारखं काम माझ्याकडे कोणी करत नाही. पण परत असं झालं तर मशीनच्या खोल्यांच्या चाव्या टेबलावर ठेवायच्या आणि उद्यापासून फोन घ्यायला बसायचं."

वहिनीला खुर्चीत बसवणं म्हणजे मांजराला पोहायला लावणं. त्या दिवशी ती जेवलीच नाही.

त्याच सुमाराला आईला झटका आला. म्हणजे माझी आई, तिची सासू. उजवा हात लुळा पडला. आईने सगळा जन्म काजं-बटणं करण्यात काढलेला, आणि आता साधी वाटी धरवेना. मग काय, वहिनी सुटलीच. आईने कंगव्याकडे बघितलं की वेणी घालून झालेली. घासाकडे बघितलं की घास तोंडात. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या, त्यांनी चार दिवस हे बघितलं आणि वहिनीला फैलावर घेतलं. "सगळं तुम्हीच करणार असाल तर त्यांचा हात कशाला उठेल? त्याला काय अडलंय?"

वहिनीचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवसापासून आई जेवायला बसली की ही समोर बसायची, आपलेच दोन्ही हात मांडीखाली दाबून. घास ताटात परत पडला की हिच्या घशातून कुकरच्या शिट्टीआधी येतो तसा आवाज यायचा. पण हात मांडीखालीच. आई म्हणायची, "अगं, श्वास तरी घे. नाहीतर तुलाच भरवायची पाळी येईल माझ्यावर."

आणि मग केव्हातरी वहिनीच्या पिशवीवर ती गाठ दिसायला लागली. पिशवीला चेन असताना वरून दोरी, आणि दोरीला निरगाठ, ती पण अशी वेडीवाकडी की सापडू नये टोक. मी विचारलं, "हे काय खूळ?" म्हणाली, "दोरी आहे. सोडायची असते." मी समजलो, बाईने स्वतःला शिक्षा लावून घेतलीय. मी पहाटेच गोदामावर सामान घ्यायला निघायचो आणि ती थेट साइटवर भेटायची, त्यामुळे ही गाठ कधी, कशी पडते ते मी कधी बघितलं नव्हतं.

तर त्या जिन्यात. गाठ अर्धी सुटली होती. सगळे उभे, सगळ्यांचे डोळे वहिनीच्या बोटांवर, माझेसुद्धा. ती एकटीच खाली बसलेली, म्हणून लिफ्टचा तळ बरोबर तिच्या डोळ्यांसमोर. अचानक तिची बोटं थांबली.

"बाबा," ती हळू म्हणाली, "तुमची काठी कुठाय?"

म्हातारबाबा दमून आत खाली बसले होते. काठी जाळीतून बाहेर आलेली. काठीचा पट्टा त्यांच्या मनगटात, आणि मनगटही जाळीच्या बाहेर. लिफ्ट वीतभर सरकली असती तरी काठीबरोबर हात गेला असता.

"काठी आत घ्या बाबा. सावकाश. पट्टा काढा आधी. ताई, जरा मदत करा त्यांना. हां. आता दोघं मागे सरका, भिंतीला टेकून बसा."

कात्रीवाले काका दोन पायऱ्या मागे सरकले.

मग तिने राहिलेली गाठ सोडली, चाव्या घेतल्या, वीज बंद केली आणि वर गेली. मी खालून एकदा बघितलं, दोनदा बघितलं आणि ओरडलो, "सोड!"

वरून खणखणीत आवाज आला, "सोडतेय!"

लिफ्ट मुंगीच्या पावलाने खाली आली. म्हातारबाबा बाहेर पडले आणि पहिलं काय विचारलं असेल? "त्या गाठवाल्या बाई कुठायत?"

चाव्या वहिनीकडेच राहिल्या. अजून आहेत.

बऱ्याच महिन्यांनी सुट्टीच्या दिवशी मी घरी उशिरापर्यंत होतो. आई खिडकीत बसून माझ्या शर्टाला बटण लावत होती, उजव्या हाताने. समोर वहिनीची पिशवी, वर कालच्यासारखीच गुंतलेली गाठ.

"ही काय बांधते गं रोज?" मी म्हटलं.

"ती कुठली बांधते? मी बांधते," आई म्हणाली. "व्यायामवाल्या बाईंनी दोरी दिली होती, रोज गाठ मारून हाताला व्यायाम म्हणून. पहिल्या दिवशी बांधता बांधता माझा जीव गेला आणि हिला कामावर उशीर झाला. पण उभी राहिली दारात, हात मागे बांधून. तुला सांगू नको म्हटलं मीच. हसला असतास."

"पण आता तर तुझा हात चालतो. सरगाठ मार की. एका ओढीत सुटेल."

आईने दातांनी दोरा तोडला.

"कधीची येते मला सरगाठ. त्या काठीवाल्या म्हाताऱ्याच्या आधीपासून. हीच मारू देत नाही. रोज पिशवी पुढे करते आणि म्हणते, आई, निरगाठच मारा."