विझलेला लाल दिवा

चोविसाव्या वर्षी मला एका पुस्तकानं बिघडवलं. असं सासूबाई म्हणत, आणि ते पुस्तक त्यांनी उघडूनही पाहिलं नव्हतं.

विज्ञान कादंबरी होती. एक बाई दूरच्या ग्रहावर एकटी राहते. पृथ्वीवरून रोज रेडिओवर निरोप: पुरे झालं, परत ये, घरचे वाट बघताहेत. शेवटच्या पानावर ती म्हणते, "ऐकू येतंय. पण मी येत नाही." रेडिओचं बटण दाबते. लाल दिवा विझतो. संपलं.

त्या पानापायी मी किती पोळ्या करपवल्या असतील! आणि मग त्या चोवीस वर्षांच्या शहाणीनं काय करावं? मल्हारगंजातल्या आमच्या घरात, सगळे जेवायला बसलेले असताना जाहीर केलं, "पोलोग्राउंडला स्विचच्या कारखान्यात मला नोकरी लागली आहे."

सासूबाईंची वरणाची पळी हवेतच राहिली. "सूनबाई कारखान्यात? लोग क्या बोलेंगे?" रागावल्या की त्या हिंदीत शिरत.

मी बाणेदारपणे म्हणाले, "ऐकू येतंय." पुढचं अर्धं वाक्य काही तोंडातून फुटलं नाही.

पहिल्या दिवशी डबा असा काखोटीला मारून निघाले, जणू प्राणवायूचं नळकांडंच. पायात रबरी चप्पल, तीही नणंदेची. काय तो थाट!

पण टिकले. एकतीस वर्षं स्विच तपासले. घरून कुणी "आता पुरे की" म्हणालं, की ती बाई आठवायची. ती परतली नाही ना? मग मीच का परतू?

गेल्या महिन्यात नात ऑफिसातून पार्सल नाचवतच आली. "आजी, तुझ्या बाईचा दुसरा भाग आलाय!"

दार लावून वाचायला बसले. दुसऱ्या दुपारी ते पान आलं. बाई रडत सांगते: मी बटण दाबलंच नव्हतं. छतावरच्या एरियलची वायर तुटली होती. इतकी वर्षं मी हाका मारत होते, मला घरी न्या म्हणून. मग तिला नेतात, आणि ती सगळ्यांची माफी मागते.

जिच्या जिवावर मी सासूबाईंना उलटून बोलले, ती म्हणे तिकडे रडत बसली होती! मी चहासुद्धा घेतला नाही.

"अरे आजी, कहानी है," नात म्हणाली, "इतना क्या दिल पे लेना?"

"तुझ्यासाठी कहानी. माझी नोकरी होती ती."

कपाटातून पहिला भाग काढला आणि शेवटचं पान तिच्यापुढे धरलं. "वाच. दिवा विझला म्हटलंय ना? छतावरची वायर तुटली, तर आवाज जातो, दिवा चालूच राहतो. तो विझतो बटण बंद केल्यावर. हजारो स्विच तपासलेत मी."

"म्हणजे लेखक झूठ बोलतोय?"

"म्हातारा झालाय. त्यालाही घरचे 'परत ये, परत ये' म्हणत असतील."

नात खो-खो हसली. मी पेन्सिल घेऊन दुसऱ्या भागावर फुली मारली, नापास मालावर मारायचे तशी.

फुली मारली खरी. पण परवा पहिलं पुस्तक पुन्हा उघडलं, तर शेवटच्या ओळीपाशी मला कुणीतरी मुसमुसताना ऐकू आलं. आधी तिथे शांतता होती. ती त्या लेखकानं घालवली, आणि ती काही कुठली फुली मारून परत येत नाही.