पुणतांब्यात रुसलेली फटफटी

“कुणी हात लावला हिला?” काका पुणतांब्याच्या भर गल्लीत ओरडत होते. अजूनही पेट्रोलचा वास आला, की लढाईच्या काळातली ती दुपार माझ्यापुढे उभी राहते. काकांनी माझ्यासाठी तिथली मुलगी नुकतीच पाहिली होती. मला ती फार आवडली होती, पण काका कोपरगावची दुसरी पाहायला निघाले होते, आणि त्यांच्यापुढे बोलायची माझी छाती नव्हती.

फटफटी मात्र हलेना. काकांच्या किकांनी गोदावरीतले मासे काठावर येऊन पडले म्हणा ना! त्यांनी प्लग पुसला, टाकी हलवली. आत पेट्रोल डुचमळत होतं. मग त्यांनी मुलीच्या वडिलांचे हातच हुंगले.

“रॉकेल मिसळलंत ना?”

“पाव्हणं, मळ्यावरच्या इंजनालाच रॉकेल मिळंना, तुमाला कुठलं देऊ?”

मुक्काम पडला. सकाळपर्यंत सगळ्यांनी काकांना वळवलं, सुपारी फुटली, आणि फटफटी पहिल्या किकेला सुरू झाली! काका लग्नातसुद्धा व्याह्यांचे हात हुंगत होते. मला वाटलं, देवच पावला.

लग्नानंतर एकदा मी बायकोला विचारलं, “तेव्हा फटफटीला काय झालं असेल गं?”

“टाकीखालची पेट्रोलची चावी मीच बंद केल्ती. सकाळी उघडलीबी मीच. चहा घ्या, गार व्हतोय.”