वाटीचा मागचा काठ

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, आणि ज्यांच्यासोबत रोज चहा पितो त्या डॉक्टर मंडळींपाशी तर नाहीच. तुमच्यापाशी बोलतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि आता एकट्यानं हे पोटात ठेववत नाही.

मी हाडांचा डॉक्टर. हिंगोलीत माझा लहानसा दवाखाना, एक एक्स-रे मशीन. सीटी स्कॅन काढायचा तर तेव्हा पेशंटला नांदेडला पाठवावं लागायचं. जमनाबाई बंजारा तांड्यावरची, तिशीतली, अंगानं काटक. कनेरगाव नाक्याजवळ जीपवाल्यानं करकचून ब्रेक मारला. ती पुढं बसलेली. गुडघा डॅशबोर्डवर आदळला आणि मांडीच्या हाडाचं डोकं खुब्याच्या वाटीतून मागं निसटलं. भूल देऊन मी ते बसवलं. खट्कन बसलं. काय खूश झालो होतो मी! तिचा नवरा माझ्या पाया पडला.

मग एक्स-रेचा फोटो काढला — समोरून, सरळ. हाड जागेवर होतं. पण वाटीच्या मागच्या काठाची रेषा... ती मला तुटक वाटली. वाटली कसली — दिसली. अशा वेळी काय करायचं ते मला पाठ होतं. पेशंटला एका कुशीकडे अर्धवट कलतं करून एक फोटो, दुसऱ्या कुशीकडे कलतं करून दुसरा. वाटी पुढून फुटली की मागून, तुकडा केवढा, हे त्या तिरक्या फोटोंत बरंचसं कळतं. सीटी नसला तरी कळतं. तुकडा मोठा असेल तर ऑपरेशन करावंच लागतं, नाहीतर हाड पुन्हा निसटतं.

भूल उतरली होती. कलतं करायला लागलो तशी जमनाबाई किंचाळली, "नका हो डाक्टरसाब, मरते मी!" मी थांबलो. दया आली म्हणून? छे! बाहेर पेशंट खोळंबले होते, मला कंटाळा आला होता, आणि इतक्या झकास बसवलेल्या खुब्यात खोट निघायला नको होती. "वाटी चांगली आहे," मी नवऱ्याला सांगितलं. पायाला वजन बांधून काही आठवडे निजवून ठेवलं आणि घरी पाठवलं.

होळी झाल्यावर त्यांनी तिला बाजेवर घालून आणलं. पाय आखूड झालेला, आत वळलेला. पुन्हा फोटो काढला. हाड वाटीबाहेर, काठाचा तुकडा वर सरकलेला. आता ते पहिल्यासारखं होण्यातलं नव्हतं.

तेव्हा खरं बोलता आलं नसतं का? आलं असतं. पण होळीला तांड्यावरच्या बाया फेर धरून लेंगी गातात, नाचतात, हे इथं कुणाला माहीत नाही? मी आवाज चढवून विचारलं, "होळीत नाचलीस ना?"

"न्हाई हो साहेब. खांबाला धरून उभी राहिले जरासं. बाया गाऊन राहिल्या होत्या..."

"झालं मग!"

एवढंच म्हणालो मी. नवऱ्यानं तिच्याकडं बघितलं. सासूनं कपाळावर हात मारला, "लई हौस हिला नाचायची!" जमनाबाई रडायला लागली आणि मी चष्मा पुसत बसलो. वाटी धड असती तर घटकाभर उभं राहिल्यानं हाड निसटलं नसतं — त्या खोलीत हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? नीचपणा दुसरा काय असतो!

पुढं नवरा एकदा भेटला तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हणाला, "आता होळीला घराबाहेर पडू देत न्हाई तिला, साहेब." मी मान हलवली.

परवा ती दुखण्याच्या गोळ्या घ्यायला आली. काठी टेकत, लंगडत. बाकावर पायाला प्लास्टर घातलेली एक नवी नवरी बसली होती. जमनाबाई तिच्याजवळ टेकली. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"डाक्टर सांगतेत तसंच कर गं माय. देवमाणूस हाय. त्यांनी बराबर केलं होतं — म्याच माझा पाय घालवला."

मी घंटी वाजवली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.